वारांगरचे पक्षी: आधी आठवडा ठरवा, मग लेन्स

नॉर्वेच्या ईशान्य टोकाला बारेंट्स समुद्रात शिरलेला वारांगर द्वीपकल्प हा उत्तर ध्रुववृत्तापलीकडचे पक्षी पाहू इच्छिणाऱ्या नवख्या माणसासाठी सर्वांत सोयीचा प्रदेश आहे, असे माझे मत आहे. सत्तर अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असूनही येथे डांबरी रस्ता थेट समुद्रापर्यंत जातो, अटलांटिक महासागरातून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे येथील समुद्र ऐन हिवाळ्यातही गोठत नाही, आणि समुद्रकडे, चिखलाचे किनारे, उघडा तुंड्रा व दक्षिणेकडचे तैगाचे (थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षांचे) जंगल हे चारही अधिवास दोन-तीन दिवसांच्या मोटारप्रवासात पाहता येतात. त्यामुळे मोहिमेची जहाजे आणि त्यांचे अवाच्या सवा भाडे यांच्या वाटेला न जाताही आर्क्टिकमधील पक्ष्यांचे वर्षचक्र येथे पाहता येते.

नवखे लोक बहुधा पहिला प्रश्न लेन्सबद्दल विचारतात. खरा पहिला प्रश्न तारखेचा आहे. फेब्रुवारीत बंदरात सहज दिसणारे किंग आयडर हे समुद्री बदक जूनमध्ये तेथे नसते, मेअखेरीस नाचणारे रफ हे चिखलपक्षी जुलैत नाचणे सोडून देतात, आणि ऑगस्टच्या मध्याला समुद्रकड्यावर पोहोचणाऱ्याला विष्ठेने माखलेल्या रिकाम्या कपारी पाहाव्या लागतात. एकाच फेरीत सगळे पाहण्याचा हट्ट धरला, तर हाती फारसे काही लागत नाही.

पहिली पायरी: ऋतू निवडणे

वार्डो हे द्वीपकल्पाच्या पूर्व टोकावरचे गाव. तेथे नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यानंतरच्या काही दिवसांपर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मावळत नाही. या दोन टोकांच्या मधले बदल फार वेगाने होतात. फेब्रुवारीच्या मध्याला दिवस सुमारे सात तासांचा असतो, परंतु भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सात अंशच वर येतो, म्हणजे पुण्यात सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने मिळणारा तिरपा उजेड तेथे दुपारी बारा वाजता मिळतो. छायाचित्रकाराला याहून अधिक काय हवे?

पहिल्याच फेरीसाठी निवड करायची असेल, तर मी दोन काळ सुचवीन. बदके आणि बर्फ हवा असेल, तर मार्चचा दुसरा पंधरवडा घ्यावा. उजेड पुरेसा असतो, समुद्री बदके अजून गेलेली नसतात आणि कड्यांवर वीण करणारे गिलेमॉट हे समुद्रपक्षी परतू लागलेले असतात. पक्ष्यांची विविधता, विणीची लगबग आणि मध्यरात्रीचा सोनेरी प्रकाश हवा असेल, तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा घ्यावा. डिसेंबर नवख्याने टाळावा. उत्तरप्रभा (अरोरा) दिसते हे खरे, पण पक्ष्यांच्या छायाचित्रणाला लागणारा उजेड जवळजवळ नसतोच.

दुसरी पायरी: पोहोचणे आणि फिरणे

भारतातून जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो, आणि युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑस्लोहून किर्केनेसचे विमान पकडता येते. किर्केनेसला भाड्याची मोटार घ्यावी. तेथून ई-६ महामार्गाने वारांगरबॉटन, आणि पुढे ई-७५ ने वारांगरफ्योर्ड या समुद्राच्या खाडीच्या उत्तर किनाऱ्याने नेस्सेबी, वाडसो, एक्केरॉय व शेवटी वार्डो असा सरळ मार्ग आहे. ग्रीसमधील क्रीट बेटावर सुरू होणारा ई-७५ वार्डोला संपतो. वार्डो स्वतः बेटावर आहे. १९८२ साली खुला झालेला समुद्राखालचा बोगदा त्याला मुख्य भूमीशी जोडतो.

वार्डोच्या पुढे हामनिंगबर्गला जाणारा किनाऱ्याचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. उत्तर किनाऱ्यावरील बॉट्सफ्योर्डला जाण्यासाठी उघड्या पठारावरून जावे लागते, आणि हिवाळी वादळात तो रस्ता बंद ठेवतात किंवा बर्फ काढणाऱ्या गाडीमागे ताफ्यानेच वाहने सोडतात. म्हणून विमान पकडण्याच्या आदल्या दिवशी बॉट्सफ्योर्डला मुक्काम ठेवू नये. सकाळी निघण्यापूर्वी रस्ते प्रशासनाची सूचना आणि नॉर्वेच्या हवामान संस्थेचा ‘यर’ हा अंदाज पाहावा, आणि त्यात तापमानाआधी वाऱ्याचा आकडा वाचावा. किनाऱ्यावर पारा शून्याखाली पाच-दहा अंशांवर असतो, जो सहन होतो. बोटे बधिर करतो तो वारा.

मुक्कामाची ठिकाणे कमी ठेवावीत. आठवडाभर हाती असेल, तर वाडसो आणि वार्डो एवढी दोनच ठिकाणे पुरेत. एकाच बंदरावर सलग तीन सकाळी जाणाऱ्याला पक्ष्यांचा दिनक्रम कळू लागतो, भरती-ओहोटीचा परिणाम दिसू लागतो आणि वारा कोणत्या बाजूने असला की बदके धक्क्याजवळ येतात हेही उमगते. रोज नवे गाव गाठणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

तिसरी पायरी: सामान

दुर्बीण ८ × ४२ मापाची असावी. दहापट मोठे करणारी दुर्बीण वाऱ्यात हलते, आणि येथे वारा नेहमीचाच. कॅमेऱ्याला ४०० ते ६०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी, हातात धरून वापरता येईल अशी झूम लेन्स पुरेशी आहे. समुद्रकड्यावर मात्र पक्षी इतके जवळ असतात की ७०-२०० मिलिमीटरची लेन्सच अधिक कामाला येते. तिकाठी मी नेत नाही; मोटारीच्या खिडकीवर ठेवायची एक रिकामी कापडी पिशवी न्यावी आणि तेथे पोहोचल्यावर किराणा दुकानातून तांदूळ आणून ती भरावी.

मोटार हे येथील उत्तम लपण आहे. मोटारीला न घाबरणारे पक्षी दार उघडून माणूस उतरला की उडतात. मात्र हिवाळ्यात काच खाली करण्यापूर्वी हीटर बंद करावा आणि आतली ऊब निघून जाईपर्यंत थांबावे, कारण खिडकीतून बाहेर पडणारी गरम हवा व बाहेरची थंड हवा यांच्या सीमेवर प्रतिमा थरथरते, आणि कितीही महाग लेन्स असली तरी पिसांचा तपशील पुसट येतो. अनेक जण याचा दोष लेन्सला देतात.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात. बाहेरून खोलीत येताना कॅमेरा थेट आत आणू नये. बाहेरच असताना तो तोंड घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे दोन-एक तास, ती उघडू नये. अन्यथा हवेतील बाष्प लेन्सवर आणि आतल्या भागांवर साचते. छायाचित्रे लगेच पाहायची घाई असेल, तर मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्यावे. हातमोजे दोन थरांचे असावेत: आत बोटांना बटणे जाणवतील असे पातळ, आणि वरून मिटन, म्हणजे चार बोटे एकत्र राहणारे जाड मोजे.

चौथी पायरी: हिवाळ्यातील बंदरे

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाडसोच्या धक्क्यावर उभे राहिले की प्रथम दिसतात ती काळी-पांढरी मोठी कॉमन आयडर बदके. त्यांच्यात लांब शेपटीची बदके मिसळलेली असतात, आणि त्यांचे सुरेल ओरडणे दुरूनही ओळखता येते. मग त्या थव्याच्या कडेला जरा लहान, घट्ट बांध्याची बदके शोधावीत. नराचे डोके पांढरे, मानेमागे हिरवट गाठ, डोळ्याभोवती काळा ठिपका, पोट गंजक्या पिवळसर रंगाचे, आणि छातीच्या कडेला एक काळा गोल ठिपका दिसला, तर तो स्टेलर्स आयडर. सैबेरियाच्या तुंड्रावर वीण करणारी ही जात जगभर घटत चालली आहे आणि युरोपात ती पाहण्यासाठी वारांगरफ्योर्डइतकी खात्रीची जागा क्वचितच सापडते. हा थवा एकत्र बुडी मारतो आणि एकत्र वर येतो. म्हणून सगळे पाण्याखाली गेले की पुढे सरकावे, वर आले की स्थिर राहावे.

किंग आयडरचा नर एकदा पाहिल्यावर विसरत नाही. निळसर राखाडी डोके, हिरवट गाल, लाल चोच आणि चोचीच्या बुडाशी काळ्या रेघेने वेढलेला नारिंगी फुगवटा. बॉट्सफ्योर्डच्या बंदरात स्थानिक मार्गदर्शकांनी पाण्यावर तरंगणाऱ्या लपणाची सोय केली आहे; तेथे जागा आधीच राखून ठेवावी लागते आणि पहाटे अंधारातच आत जाऊन बसावे लागते. लपणातून पाण्याच्या पातळीवरून चित्र मिळते, आणि बदकाच्या छायाचित्रात तीच गोष्ट सर्वांत मोलाची असते. धक्क्यावरून उभ्याने घेतलेल्या चित्रात पाठ आणि पाणी एवढेच दिसते. लपण परवडत नसेल, तर धक्क्याच्या उतारावर चटई टाकून पोटावर झोपावे. कोळी बंधूंना याची सवय आहे, फक्त त्यांच्या दोरखंडांच्या आणि गाड्यांच्या वाटेत आडवे होऊ नये.

प्रकाशमापनाबद्दल येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम राखाडी गृहीत धरतो. बर्फाने भरलेल्या चौकटीत तो फसतो आणि बर्फ मळकट येतो, म्हणून उजेड एक ते दीड स्टॉप वाढवावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काळ्या पाण्यावरच्या पांढऱ्या छातीच्या बदकाबाबत तो उलट फसतो. तेथे अर्धा-पाऊण स्टॉप कमी करावा, नाहीतर छातीवरील पिसांचा पोत कायमचा जळतो. एका थव्यात नर पांढरा आणि मादी गडद तपकिरी असते, तेव्हा माप पांढऱ्यावरून घ्यावे. सावलीतला तपशील नंतर उजळता येतो, जळालेला पांढरा भाग परत मिळत नाही.

हिवाळ्यातच एक दिवस काढून किर्केनेसच्या दक्षिणेला पास्विक खोऱ्यात जावे. पाइन ग्रोसबीक, सैबेरियन जे आणि क्वचित हॉक आउल ही तैगातील मंडळी तेथे भेटतात. किनाऱ्यापेक्षा येथे थंडी खूप अधिक असते, हे कपडे घेताना लक्षात ठेवावे.

पाचवी पायरी: मेअखेरचा तुंड्रा

मेच्या उत्तरार्धात बर्फ वितळू लागतो, आणि उघड्या झालेल्या प्रत्येक ओल्या तुकड्यावर पक्षी उतरतात. यांतील काही मराठी वाचकाच्या ओळखीचे असतील. भिगवणला हिवाळ्यात चिखलात चरणारा, कोणत्याही खास खुणेविना ‘हा कोण’ असा गोंधळ उडवणारा रफ येथे मानेभोवती पिसांची प्रचंड झालर घेऊन उभा असतो. कोणाची झालर पांढरी, कोणाची काळी, कोणाची तांबूस. नर ठरावीक जागी जमतात, एकमेकांसमोर उड्या मारतात, मग अचानक सगळे चोच जमिनीला लावून निश्चल बसतात. मादी आली आहे, असा त्याचा अर्थ. ओसाड, सपाट जमिनीवरची ही जागा सापडली, तर मोटारीतच थांबावे. पायी गेल्यास नर विखुरतात आणि त्या दिवसाचा खेळ संपतो. निळ्या गळ्यात तांबडा ठिपका असलेला ब्लूथ्रोटही हिवाळ्यात महाराष्ट्रातील पाणवठ्यांवर लपतछपत वावरतो, आणि येथे मात्र झुडपाच्या शेंड्यावर बसून उघडपणे गातो.

मला मात्र सर्वाधिक वेळ रेड-नेक्ड फॅलरोपजवळ घालवावासा वाटतो. वाडसोजवळच्या वाडसोया बेटावर, १९२६ साली नॉर्वेचे ध्रुवसंशोधक आमुंडसेन यांच्या ‘नॉर्गे’ या हवाई जहाजासाठी वापरलेला लोखंडी मनोरा आजही उभा आहे आणि त्याच्या परिसरात उथळ तळे आहे. मेअखेरीस तेथे हे चिमुकले पक्षी येतात. पाण्यावर बसून ते भोवऱ्यासारखे स्वतःभोवती गरगर फिरतात, त्या फिरण्याने तळाशी असलेले कीटक वर खेचले जातात आणि सुईसारखी चोच ते एकेक करून टिपते. या जातीत मादी अधिक गडद रंगाची असते आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो, म्हणून फिकट पक्ष्याला मादी म्हणून नोंदवू नये. स्कँडिनेव्हियातील हे फॅलरोप हिवाळा अरबी समुद्रात, उघड्या पाण्यावर काढतात. माणूस काठावर शांत बसला, तर ते हातभर अंतरावर येतात, इतके की लेन्सला फोकस करता येत नाही.

या दिवसांत झोपेचे वेळापत्रक उलटे करावे. जूनमध्ये मध्यरात्री सूर्य उत्तरेला क्षितिजाच्या जेमतेम चार अंश वर असतो, आणि रात्री दहा ते पहाटे तीन हा काळ छायाचित्रणासाठी सर्वोत्तम ठरतो. दुपारी झोपावे. झोपण्यासाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी सोबत असू द्यावी, कारण सगळ्याच अतिथिगृहांचे पडदे जाड असतीलच असे नाही.

सहावी पायरी: हॉर्नोयाचा कडा

वार्डोच्या बंदरातून छोटी बोट दहा-एक मिनिटांत हॉर्नोया बेटावर पोहोचवते. स्वालबार्ड हा द्वीपसमूह सोडला, तर हे नॉर्वेचे अतिपूर्वेचे टोक. कड्यावर कॉमन गिलेमॉट, ब्रूनिख गिलेमॉट, रेझरबिल, पफिन, किटीवेक आणि शॅग मिळून हजारोंच्या वसाहती आहेत. गिलेमॉट मार्चमध्ये येऊन जाऊन असतात, पफिन एप्रिलमध्ये येतात, आणि जुलै संपता संपता कडा रिकामा होऊ लागतो. समुद्र खवळलेला असेल, तर बोट सुटत नाही, म्हणून त्यासाठी दोन दिवस राखून ठेवावेत.

पायवाटेवरून चढताना पहिल्याच वळणावर गिलेमॉटांची ओळ डोळ्यांच्या पातळीला येते. ते घरटे बांधत नाहीत. वीतभर रुंदीच्या उघड्या कपारीवर खांद्याला खांदा लावून बसतात आणि एकच अंडे पायांवर घेऊन उबवतात. अंडे एका टोकाला निमुळते असते. काहींच्या डोळ्याभोवती पांढरी कड आणि तिच्यातून मागे गेलेली बारीक रेघ दिसते. ती वेगळी जात नाही, कॉमन गिलेमॉटचाच प्रकार आहे. चोचीच्या कडेला पांढरी रेघ असेल, तर मात्र तो ब्रूनिख. जुलैत पिले तीन आठवड्यांची होताच, उडता येण्यापूर्वीच, कड्यावरून उडी घेतात आणि खाली वाट पाहणाऱ्या बापाबरोबर समुद्रात पोहत निघून जातात.

येथे पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीत ठेवावा. कोण कोठून येते, कोणत्या वाऱ्यात पक्षी उतरण्यापूर्वी क्षणभर हवेत थबकतो, हे पाहिले की नंतर उडत्या पक्ष्याची चित्रे मिळू लागतात. पफिनसाठी १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे आणि वाऱ्याकडे तोंड करून येणारा पक्षी निवडावा, कारण तो हळू येतो. सगळा कडा एकाएकी उडाला, तर वर पाहावे; बहुधा पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड आलेला असतो. डोक्यावर टोपी असावी, अंगावर धुता येईल असा रेनकोट असावा, आणि वर पाहताना तोंड मिटलेले असावे, ही सूचना थट्टेची नाही.

हॉर्नोया हे संरक्षित क्षेत्र असल्याने खुणा केलेली वाट सोडू नये आणि ड्रोन आणू नये. २०२३ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूमुळे वाडसो-वार्डो परिसरात किटीवेक मोठ्या संख्येने मेले. त्यामुळे जाण्यापूर्वी बेटावर उतरण्यास परवानगी आहे ना, हे विचारून घ्यावे.

सातवी पायरी: शरद ऋतू

ऑगस्टमध्ये आर्क्टिक सुरय अंटार्क्टिकाच्या दिशेने निघून गेलेले असतात. सप्टेंबरमध्ये तुंड्रा तांबडा होतो, नेस्सेबीच्या पांढऱ्या चर्चजवळच्या किनाऱ्यावर यंदा जन्मलेले छोटे टिलवे माणसाची भीती नसल्यागत चरतात, आणि रात्री पुन्हा अंधार पडू लागल्याने उत्तरप्रभाही दिसते. पक्ष्यांची संख्या कमी असते. नवख्यासाठी या ऋतूत फार काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला यावे.

अंतर आणि शिस्त

नॉर्वेत मोकळ्या निसर्गात कोणालाही फिरण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण पक्ष्यांना विनाकारण त्रास देण्याची मुभा त्यात नाही. सुरय डोक्यावर झेपावू लागले, एखादा टिलवा पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे पळू लागला किंवा स्कुआ हा मोठा समुद्रपक्षी सतत ओरडू लागला, की आपण घरट्याच्या फार जवळ आलो आहोत असे समजावे, आणि आलो त्याच वाटेने मागे फिरावे. बर्फाळ घुबड किंवा गिरससाणा वीण करताना दिसला, तर ती जागा समाजमाध्यमावर टाकू नये आणि ओळखीच्या छायाचित्रकारांनाही सांगू नये. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा प्रकारही येथे करू नये. विणीचा काळ इतका आखूड असतो की पक्ष्याने वाया घालवलेली दहा मिनिटेही महाग पडतात.

रोजच्या नोंदी मुक्कामी परतल्यावर लगेच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कराव्यात, आणि त्यांत नुसत्या जाती न लिहिता संख्या, वेळ व वाऱ्याची दिशा लिहावी. पुढील वर्षीचा आठवडा ठरवताना याच नोंदी उपयोगी पडतात. मेलेला पक्षी आढळल्यास हात लावू नये, नॉर्वेच्या अन्नसुरक्षा विभागाला, म्हणजे ‘माटटिल्सिनेट’ला, कळवावे, आणि एका वसाहतीतून दुसरीकडे जाण्यापूर्वी बुटांचे तळ घासून धुवावेत.